रिकाम्या विमानाचं वजन

१

मी थापा मारतो असं आमच्या इमारतीत सर्वमान्य मत आहे आणि त्याला माझी हरकत नाही. फक्त एक पंचाईत होते. खरोखरच काही घडलं, की ते सांगायला दुसरा माणूस कुठून आणायचा? तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणे निम्मं वजा करून ऐका. उरलेलं निम्मंही मला पुरून उरलंय.

गोष्ट नव्या संगणकाची. तो मी विकत आणला नाही, बांधला. सुटे भाग जेवणाच्या टेबलावर पसरून, बायकोची बोलणी खात, स्क्रू हरवत, आणि हरवलेला स्क्रू पायात घुसला की 'सापडला!' म्हणून ओरडत बांधला. कशासाठी? तर फ्लाइट सिम्युलेटरसाठी. घरबसल्या विमान चालवायचं. खरा वाटेल असा कॉकपिट, खरे वाटतील असे ढग, खाली उपग्रहाच्या फोटोंवरून उभी केलेली गावं. हे सगळं रंगवायला संगणक तगडा लागतो, आणि बाजारात मिळतो तेवढा तगडा आम्हा लोकांना कधीच पुरत नाही. मग आम्ही त्याला ओव्हरक्लॉक करतो. म्हणजे कारखान्याने प्रोसेसरला जेवढं पळायला सांगितलेलं असतं, त्याहून जास्त पळवायचं. व्होल्टेज जरा वाढवायचं, वेग जरा वाढवायचा, आणि तो तापून कोलमडतो का ते बघत बसायचं. कोलमडला तर एक पाऊल मागे, नाही कोलमडला तर एक पाऊल पुढे. बायका नवऱ्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं हेच करतात, पण त्यांना कोणी छंदिष्ट म्हणत नाही.

आता, वेग वाढला हे कळायचं कसं? त्यासाठी बेंचमार्क. एक ठरलेलं उड्डाण असतं, आमच्याच गावच्या विमानतळावरचं. विमान आपोआप धावपट्टीवरून सुटतं, गावावर एक वळसा घालतं आणि ढगात शिरतं. ढगात शिरलं, की चाचणी संपली. पडदा काळा होतो आणि आकडा येतो, की संगणकाने सेकंदाला किती चित्रं रंगवली. त्यांना फ्रेम म्हणतात. आकडा मोठा तर मालक मोठा. विमानाचं पुढे काय होतं, ते ढगातून बाहेर पडतं का, कुठे उतरतं का, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेलं नाही.

खरी गंमत म्हणजे आमच्या या मंडळींत विमान कोणी चालवतच नाही. सगळे मोजतात. जॉयस्टिक मीही आणली होती, चांगली लोखंडी. तिच्यावर मी माझी टोपी ठेवत असे.

आणि या मोजण्याचा धर्म एकच: दर वेळी सगळं तेच हवं. तेच विमान, तोच मार्ग, तेवढंच इंधन. प्रवासी एकही नाही.

२

माझा प्रतिस्पर्धी घरातलाच होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे टर्बो म्हणतात, कारण तो वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू करतो. त्याचा आकडा माझ्यापेक्षा जेमतेम दोन फ्रेमने पुढे होता, आणि हे तो रोज फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी करावी तशा आवाजात सांगायचा.

"भाऊजी, कसं काय? अजून तिथेच?"

"तिथेच म्हणजे?"

"नाही, काळजी वाटली म्हणून."

तर मी इरेला पेटलो होतो. एका रविवारी दुपारी वेग थोडा चढवला, चाचणी लावली, आणि काहीतरी खटकलं. विमान उशिरा उठलं.

हे उड्डाण मी इतक्यांदा पाहिलं होतं, की धावपट्टीवरचं टायरच्या काळ्या डागांचं चित्र मला तोंडपाठ होतं. एका रुंद डागापाशी नाक वर उचललं जायचं. त्या दिवशी डाग मागे गेला तरी विमान आपलं धावतंच होतं. मग कण्हल्यासारखं उठलं. गावावर वळसा, ढग, काळा पडदा, आकडा. आकडा एका फ्रेमने कमी!

आणि त्याच क्षणी संगणकाच्या पलीकडून बाबा दचकून उठले.

बाबा म्हणजे माझे वडील. संगणकाचं टेबल तेव्हा हॉलच्या मधोमध होतं, आणि संगणकाच्या मागच्या जाळीतून गरम वारा सुटायचा. थंडीचे दिवस होते. बाबांनी आपली आरामखुर्ची ओढून बरोबर त्या वाऱ्याच्या तोंडाशी लावली होती आणि गुडघे शेकत ते तिथेच दुपारची झोप काढत. "तू घरात आणलेली ही पहिली उपयोगी वस्तू," असं ते पाहुण्यांनाही सांगत.

"काय झालं बाबा?"

"कान बंद झालेत रे." त्यांनी कानात करंगळी घालून हलवली. "आणि पडल्यासारखं झालं एकदम. कोणी खालची जमीन काढून घेतल्यासारखं."

"स्वप्न असेल."

"असेल. पण खुर्ची काय अरुंद होती! गुडघे समोरच्या पाठीला टेकत होते."

माझी ताई परदेशात असते. ती बोलावून बोलावून थकली, पण बाबा आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. विमानतळावर तिला सोडायला आले तेव्हाही ते काचेच्या अलीकडे खांबाला धरून उभे होते. "मी जमिनीवरचा माणूस," एवढंच म्हणतात आणि विषय मिटवतात.

त्यांना खुर्चीची पाठ कुठून ठाऊक?

वर्तमानपत्रातून, मी स्वतःला सांगितलं. वर्तमानपत्रात सगळं येतं.

३

सिम्युलेटरमध्ये विमानाच्या वजनाचा एक तक्ता असतो. मी तो उघडला. इंधन तेवढंच. सामान शून्य. प्रवासी शून्य. आणि खाली एकूण वजन: असायला हवं त्यापेक्षा एका माणसाइतकं जास्त.

शून्य प्रवाशांचं वजन कसं असेल? मी प्रोग्रॅम काढून टाकला, पुन्हा घातला. पुन्हा चाचणी. वजन बरोबर, विमान वेळेवर. मी खूश. मग लक्षात आलं, की बाबा या वेळी स्वयंपाकघरात चहा पीत होते.

मी विचार करणारा माणूस आहे. दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं मानत नाही. म्हणून मी आठवडाभर शांतपणे प्रयोग केले. बाबा जागे: वजन बरोबर. बाबा फिरायला गेलेले: बरोबर. बाबा खुर्चीत झोपलेले: जास्त. बाबा खुर्चीत डोळे मिटून, पण झोपेचं सोंग घेऊन पडलेले: बरोबर. यावरून, ते सोंग घेतात हे मला पहिल्यांदाच कळलं. बायकोशी माझं भांडण चालू असताना ते नेहमी झोपलेले असतात, हेही त्या निमित्ताने उलगडलं.

शेवटी वजनकाटा आणला.

"बाबा, जरा यावर उभे राहा."

"का? बाजारात न्यायचंय मला?"

"तब्येतीसाठी हो."

"माझ्या तब्येतीला काय झालंय? तुझं पोट बघ आधी. त्याच्यासाठी दोन काटे लागतील."

"बाबा, प्लीज."

ते उभे राहिले. काटा जे म्हणाला ते तक्त्यातल्या जादा वजनापेक्षा किंचित कमी भरलं. माझा जीव भांड्यात पडला. जुळत नाही म्हणजे सगळं माझ्या मनाचे खेळ. मी काटा उचलायला वाकलो.

"थांब, शाल राहिली," बाबा म्हणाले. "झोपताना मी शाल घेतो ना." आणि शाल अंगावर घेऊन ते पुन्हा काट्यावर चढले.

जुळलं.

तुम्हाला वाटेल, इथे माझी पाचावर धारण बसली असेल. बसायला हवी होती. पण मी तुम्हाला आमच्या लोकांचं सांगितलंच आहे. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा एक जादा माणूस रंगवण्यात माझा संगणक दर सेकंदाला एक फ्रेम वाया घालवतोय. बाबा मला एका फ्रेमला पडत होते.

४

पुढच्या रविवारी मी वेग आणखी चढवला. बाबा झोपले होते, हे मी कबूल करतो. मला वाटलं, वजनासकट टर्बोला हरवलं तर मजा काही औरच. विमान डागाच्या बरंच पुढे जाऊन उठलं. गावावर आलं. वळणासाठी डाव्या पंखावर कललं, आणि संगणक गोठला.

गोठला म्हणजे चित्र जागच्या जागी थांबलं. इंजिनाचा आवाज एकाच सुरावर अडकून राहिला, दाराची बेल कोणी दाबून धरावी तसा. माझ्यासाठी यात नवीन काही नव्हतं. ओव्हरक्लॉकिंगमध्ये हे होतंच. मी बटणाकडे हात नेला आणि सहज पलीकडे पाहिलं.

बाबा खुर्चीत डावीकडे कलले होते. खुर्चीच्या हातावर टेकून नव्हे. कशावरच टेकून नव्हे. कमरेपासून वर सगळा माणूस तिरका, पडद्यावरच्या क्षितिजाला समांतर, आणि शाल सरळ खाली लोंबायच्या ऐवजी त्यांच्याबरोबर तिरकी.

"बाबा."

हूं नाही की चूं नाही.

मी हाक मारली, हलवलं. मग बायकोने येऊन हलवलं. त्यांना सरळ करायला गेलो तर होईनात. अंग ताठ नव्हतं, मऊच होतं, पण सोडलं की पुन्हा तितकेच तिरके. कपाळ गार. तळमजल्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"गाढ झोप आहे," ते म्हणाले. मग त्यांनीही मान तिरकी करून बाबांकडे पाहिलं. "हे असेच झोपतात का?"

"अधूनमधून," मी म्हणालो. थाप मारायची सवय कधी कामी येईल सांगता येत नाही.

मी संगणक पुन्हा सुरू केला, वेग कमी केला आणि तीच चाचणी लावली. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, की बाप बेशुद्ध आणि हा गेम खेळतोय. विमान धावपट्टीवर आलं तसे बाबा सरळ झाले. सुटलं तसं त्यांचं डोकं मागे दाबलं गेलं. वळसा झाला, विमान ढगात शिरलं, पडदा काळा झाला, आणि बाबा छातीवर हात दाबून ओरडत जागे झाले.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेतलं. "यांच्या हृदयाला असे धक्के परवडणार नाहीत. कशाला एवढे घाबरतात? आणखी एखादा असा बसला ना, तर मी काही सांगू शकत नाही."

५

डॉक्टर गेले. बायको संगणकासमोर हाताची घडी घालून उभी राहिली.

"बाबा त्या विमानात बसतात," ती म्हणाली. भाजी संपली आहे हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात.

"तुला कसं कळलं?"

"तिरकं विमान बघितलं, तिरके बाबा बघितले. मला काय आकडे लागतात?"

"हे बघ, शास्त्रीयदृष्ट्या..."

"अहो, शास्त्र राहू द्या. ते ढगात गेलं की पुढे काय होतं?"

"पुढे नाहीच. तिथे संपतं."

"संपतं म्हणजे? विमान असं हवेतच सोडून देता? माणसं बसलेली असताना?"

तिने फर्मान काढलं: बाबांचा डोळा लागला, की यंत्र बंद. बंद म्हणजे भिंतीतलं बटण बंद. मी हो म्हणालो आणि पाळलंही.

मोजायचं असेल तेव्हा मी बाबांना जागं ठेवू लागलो. त्यांच्या जुन्या ऑफिसबद्दल विचारायचो. हा उपाय जालीम होता, पण मलाच. हेडक्लार्क आणि पंख्याखालची खुर्ची यांचा किस्सा मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकला, की झोप मला येऊ लागली. बाबा मात्र खुलले. "तुला अचानक एवढा रस कसा वाटायला लागला?" म्हणाले. तोंड लपवायला जागा नव्हती.

पण आकडा वर गेला! विमान हलकं, बाबा जागे, आणि मी टर्बोच्या पुढे. अर्ध्या फ्रेमने. मी लगेच फोन लावला.

"कसं काय? अजून तिथेच?" मी विचारलं.

मग तो म्हणाला, "रविवारी येतो. स्वतः बघितल्याशिवाय मी कोणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही."

६

रविवारची माझी आंघोळ सवडीने होते, म्हणजे जेवणानंतर. यावर घरातल्यांनी बोलणं सोडून दिलंय. टर्बो जेवायलाच आला होता. सगळे हात धुऊन उठले, बायको वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि मी मोरीत. बाबांचा डोळा लागतोय हे दिसत होतं, पण संगणक बंद होता. भिंतीतलं बटण मी स्वतः बंद केलं होतं.

अंगाला साबण लावला आणि भिंतीपलीकडून संगणकाच्या पंख्यांचा आवाज आला. आधी नेहमीचा. मग चढा. मग इतका चढा, की तो सूर त्या यंत्रातून मी कधी ऐकला नव्हता.

मी तसाच, साबणासकट, टॉवेल गुंडाळून बाहेर आलो.

"काय केलंस?"

"भाऊजी, घाबरता काय असे? थोडा वेग वाढवलाय. म्हटलं एकदाच काय तो निकाल लावू. दमाची चाचणी लावलीय. ती ढगापाशी थांबत नाही, जातच राहते, मशीन मरेपर्यंत..."

"बाबा झोपलेत!"

"मग झोपू दे की. स्पीकर बंद केलाय मी."

पडद्यावर विमान ढगाच्या वर होतं. तिथवर मी ते कधीच पाहिलं नव्हतं. खाली पांढरं, वर गडद निळं, आणि मधे ते एकटं. कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान लाल झालं होतं आणि चढत होतं.

मी बाबांना हलवलं. हाक मारली. पंख्यांची झळ थेट त्यांच्या गुडघ्यांवर येत होती, खोली तापली होती, आणि त्यांचा हात बर्फासारखा थंड होता. नखांवर बारीक पांढरा थर दिसला. बोट फिरवलं तर तो ओला झाला आणि गेला.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. गोठलेल्या विमानाची गोष्ट वेगळी, पण चालत्या विमानाचं बटण बंद केलं तर बाबा हवेतूनच खाली पडणार. तो धक्का कसला असेल ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तसंच चालू ठेवलं तर यंत्र जळणार, आणि या वेळी पुन्हा सुरू करायला यंत्रच उरणार नाही. मग बाबा वर कुठे लटकून राहणार? तिसरी वाट म्हणजे उतरवणं.

बायको कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी होती. तिला सांगावं लागलं नाही. तिने ढीग खाली टाकला.

"उतरवा," ती म्हणाली.

"मला येत नाही."

"येत नाही म्हणजे? वर्षभर काय करत होतात?"

"मोजत होतो."

टर्बोकडे पाहिलं. त्याने खालचा ओठ चावला. "मी पण, ताई."

असे आम्ही दोन रथी-महारथी. बायकोने एक शब्द न बोलता फोन उघडला आणि विमान कसं उतरवायचं ते शोधायला लागली. मी जॉयस्टिकवरची टोपी उडवली, ओलेत्याने खुर्चीत बसलो आणि दांडा धरला. ऑटोपायलट सुटला. विमानाने नाक टाकलं, आणि मागून बाबांच्या तोंडून 'अं' असा आवाज आला.

"हळू!" बायको ओरडली. "नाक वर! इथे लिहिलंय, वेग कमी करत करत खाली यायचं."

टर्बोने संगणकाचं झाकण उपटून काढलं आणि टेबलफॅन उचलून त्याच्या पोटाशी धरला. "आणखी दोन अंश चढलंय... भाऊजी, लवकर... अहो लवकर..."

"लवकर की हळू? एक काहीतरी ठरवा!"

"चाकं बाहेर काढा," बायको वाचत होती.

"कशी?"

"ते नाही दिलंय."

"कळफलकावरचं जी दाबा, जी!" टर्बो म्हणाला. "कुठेतरी वाचलंय मी." जी दाबलं. खालून काहीतरी उघडल्याचा धक्का बसला. स्पीकर बंद होता. तो धक्का जमिनीतून, माझ्या अनवाणी तळव्यांना जाणवला.

विमान ढगातून बाहेर आलं. आमचं गाव. आमचा रस्ता. गेल्या वर्षभरात मी ते शेकडो वेळा बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. लांबवर धावपट्टी, एवढीशी, पट्टीसारखी. माझ्या डोळ्यांत साबण गेला. पुसायला हात मोकळा नव्हता. बायकोने पदराने पुसला.

"उजवीकडे जातंय," ती म्हणाली. "अहो, घराकडे जातंय!"

"माहितीये!"

"बाबा," ती मागे वळून एकदम मोठ्याने म्हणाली, "पट्टा बांधलाय ना?"

आणि बाबा, डोळे मिटलेले, मान मागे टेकलेली, झोपेतच म्हणाले, "हो सूनबाई. पण हा चालवतोय कोण?"

तापमानाचा आकडा लुकलुकू लागला. धावपट्टी वाढत वाढत अख्खा पडदा झाली. मी दांडा ओढला, आधी कमी, मग जास्त. विमान आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं, कडेच्या गवतात शिरलं, आणि वाकडं होऊन थांबलं.

पलीकडे बाबांची खुर्ची हातभर सरकली होती.

७

ते जागे झाले नाहीत.

"थांबलंय ना?" बायकोने विचारलं.

"थांबलंय."

"मग उठत का नाहीत?"

जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. मी बाबांकडे बघत होतो, पडद्याकडे बघत होतो. मग बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, दार कोण उघडणार?"

दार! मी कळफलकावर दिसेल ती कळ बडवत सुटलो. दिवे लागले, काचेवरची पुसणी फिरली, भोंगा वाजला असावा. कुठल्या कळेने झालं मला आजही सांगता येणार नाही, पण विमानाच्या कुशीत दार उघडलं आणि एक जिना खाली आला.

हे मात्र निम्मं वजा न करता ऐका. त्या सिम्युलेटरमध्ये माणसं नसतात. मी स्वतः ती बंद केली होती, फ्रेम वाचवायला. जिन्यावर कोणी आलं नाही. जिन्याच्या उन्हातल्या पायऱ्यांवर फक्त एक सावली आली. एक पाऊल खाली, दुसरं त्याच पायरीवर. कठड्याला धरून. पुन्हा एक पाऊल, पुन्हा दुसरं. शेवटच्या पायरीवर ती थबकली, पायाने जमीन चाचपली, आणि गवतात उतरली.

संगणकातून फट्ट असा आवाज आला. पडदा गेला. आतून धुराची एक रेघ निघाली.

"काय रे," बाबा म्हणाले, "अंगाला साबण लावून काय बसलायस?"

बायको खाली बसली ती कपड्यांच्या ढिगावरच बसली, आणि हसायला लागली, की रडायला, ती पाठमोरी असल्यामुळे मला कळलं नाही. टर्बोने आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य पूर्ण केलं. "मी घरी जातो," तो म्हणाला.

८

प्रोसेसर जळाला होता. मी नवा आणला नाही. संगणक सुटा केला, एकेक भाग वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खोकं भंगारवाल्याच्या टेम्पोत स्वतः चढवलं. टेबल भिंतीला लावलं. बाबांच्या गुडघ्यांसाठी साधा शेगडीवजा हीटर आणला. त्यात मोजण्यासारखं काही नाही.

तरी पहिले काही दिवस बाबा झोपले, की मी स्टूल घेऊन त्यांच्याजवळ बसत असे. मनगटावर बोटं ठेवून. बायको काही म्हणायची नाही, येता-जाता माझ्या खांद्यावर हात ठेवायची. हात गरम, श्वास सरळ, अंग सरळ. हीटर सोडला तर घरात एकही यंत्र चालू नाही. माझा जीव हळूहळू ताळ्यावर येत होता.

काल दुपारी इमारत नेहमीसारखी सुस्तावली होती. रेडिओ नाही, पावलं नाहीत, रविवार जेवून आडवा झालेला. मी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होतो. बाबा जागे झाले. दचकले नाहीत, ओरडले नाहीत. आळस दिला, शालीची घडी केली, आणि समाधानाने म्हणाले,

"आजचा माणूस चांगला होता. कधी टेकलं कळलंसुद्धा नाही. नाहीतर तू. काय आपटलं होतंस!"

माझी बोटं त्यांच्या मनगटावरच होती.

"कोण माणूस, बाबा?"

"मला काय ठाऊक? चालवणारा. त्याचं तोंड कुठे दिसतं? आम्हाला पाठच दिसते."

"आम्हाला?"

ते उत्तर देणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. भिंतीपलीकडे शेजारी खाकरले. समोरच्या घरात कोणीतरी लांबलचक जांभई दिली, तळमजल्यावरचे डॉक्टर शिंकले, जिन्याच्या दोन्ही बाजूंना, वर-खाली, एकाच वेळी कपाटं उघडली, चपला सरकल्या, पावलं वाजली. सगळी इमारत एका दमात उठली, विमान थांबताक्षणी माणसं उठतात तशी.

"बघ," बाबा म्हणाले, "कोणाला दम म्हणून नसतो. दार तरी उघडू द्यावं."